पंचावन्नला सुटणारी थरथर

मिस्त्री बॉनेट उघडू देत नाहीत. दाजींनी जीप गॅरेजच्या तोंडाशी लावलीय, इंजिन बंद केलंय आणि सवयीनं बॉनेटच्या क्लिपेला हात घातलाय. मिस्त्री त्यांना तिथंच थांबवतात.

"राहू द्या मालक. आधी सांगा, कधी हालतीया?"

"कधी म्हंजे? चालवताना."

"चालवताना कधी?"

दाजी माझ्याकडं बघतात. मेहुण्यानं जरा मदत करावी असा तो चेहरा आहे. मी गप्प राहतो, कारण मलाही या प्रश्नाचं उत्तर येत नाही. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू आहे, पलीकडं कुणीतरी ग्राइंडर धरलाय, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळच्या वेळी जसा असतो तसा तापलेल्या लोखंडाचा आणि कूलंटचा वास गल्लीभर आहे. मिस्त्री पुसायचं फडकं खांद्यावर टाकून उभे. घाई नाही.

"पन्नासपातूर काय न्हाई," दाजी आठवून सांगू लागतात. "पंचावन्नला सुरू हुतंय. साठ-पासष्टला बुडाखालनं मुंग्या. त्याच्या पुढं मी न्हेतच न्हाई."

"स्टेरिंग हालतंय?"

"न्हाई."

"कधीपासनं?"

"पावसाळा झाल्यापासनं."

"पावसाळ्यात काय काम केलं हुतं?"

"पाटे केले की. मागचे. एक पान वाढवलं." मागच्या बाकावर बसलेला भाचा, दाजींचा मुलगा, मोबाइलमधून मान वर काढतो आणि पुन्हा खाली घालतो.

त्यानंतर आजवर काय काय झालं त्याची यादी दाजी बोटांवर मोजतात. चारही चाकांचं बॅलन्सिंग. मग दोन टायर नवे. मग कुणीतरी सांगितलं इंजिन हालतंय, म्हणून फाउंडेशनचे रबर बदलले. मग आणखी एका गॅरेजात मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे टाकले. बारा-तेरा हजार गेले.

"क्रॉस टाकल्यावर कमी झालं?"

"उलट जरा वाढलं म्हना."

मिस्त्रींच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हलतं. यादीतल्या बाकी कशालाच त्यांनी मान डोलावली नव्हती. ते किल्ली मागून घेतात.

गाडी सीजे थ्री बी आहे, उंच बॉनेटची. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं. नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, त्याला जागा करून देण्यासाठी विलिस कंपनीनं बॉनेटच वर उचललं, आणि त्यामुळं जीपचं तोंड जरा कपाळ वाढल्यासारखं झालं. तिकडं १९६८ मध्ये ती बंदही झाली. आपल्याकडं मात्र महिंद्राच्या कारखान्यातून पुढं कित्येक वर्षं निघत राहिली, डिझेल इंजिन घालून, आणि आमच्या भागात ती वडापला लागली. दाजींच्या वडिलांनी हीच गाडी गारगोटी रस्त्यावर वडापला चालवलीय. आत किती माणसं बसायची हे विचारू नये. आता ती उसाच्या रानात जाते आणि सणासुदीला देवाला जाते.

मिस्त्री चालवतात, दाजी शेजारी, मी आणि भाचा मागं आडव्या बाकांवर समोरासमोर. उद्यमनगरातून बाहेर पडून उचगावच्या बाजूनं हायवेला लागतो आणि गोकुळ शिरगावची दिशा धरतो. पन्नासपर्यंत खरंच काही नाही. जुन्या डिझेल जीपचा जो काही खडखडाट असतो तेवढाच. काटा पंचावन्नवर येतो आणि बाकाच्या पत्र्यातून एक बारीक झणझण वर चढायला लागते. साठला ती दातांत येते. भाच्याच्या मांडीवरच्या मोबाइलचा पडदा वाचता येत नाही. फरशीतून वर आलेल्या ट्रान्सफरच्या दोन आखूड दांड्या एकमेकींना लागून टरटरतात. मागच्या ट्रकचं आरशातलं चित्र पुसट होतं.

मिस्त्री स्टेअरिंगवरून तळवे उचलून फक्त दोन बोटं ठेवतात. चाक स्थिर आहे.

"पावणं," ते मागं न बघता ओरडतात, "मोजा बघू. धडधड मोजता येतीया का?"

मी प्रयत्न करतो. मोजता येत नाही. ठोके वेगळे पडतच नाहीत, सलग एक गुणगुण आहे.

"मग चाक न्हवं."

हिशेब मी मनात मांडून बघतो. या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ६० ला चाक सेकंदाला सात-साडेसात फेरे घेतं. चाकात दोष असेल तर सेकंदाला सातच धक्के बसतील, ते अंगाला वेगवेगळे कळतील, डुलल्यासारखं होईल. शाफ्टचं तसं नाही. या जुन्या जीपच्या हाउसिंगमध्ये क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. सातचे चाळीस होतात. सेकंदाला चाळीस धक्के माणसाला मोजता येत नाहीत, त्याची झणझणच होते. मिस्त्रींना हे आकडे सांगावेत असं मला वाटतं, पण त्यांचा पाय तोवर क्लचवर गेलेला असतो.

चौथ्याचा तिसरा पडतो. काटा पंचावन्नावरच धरलाय, इंजिन मात्र ओरडायला लागतं. झणझण होती तशीच, त्याच सुरात. मग पुन्हा साठ, आणि गाडी न्यूट्रल. इंजिन एकदम शांत होतं, वारा ऐकू येतो, जीप नुसती घरंगळतेय, आणि झणझण चालूच. जरा नरमलीय, पण आहे.

"इंजिन सुटलं," मिस्त्री म्हणतात. "क्लच सुटला. गिअरबॉक्स सुटला."

दाजी हे ऐकून खूश होत नाहीत. फाउंडेशनचे पैसे त्यांना आठवत असणार. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात, म्हणून नुसतं चौथ्यात बसून कोण थरथरतंय ते कळायचं नाही. गिअर बदलला की इंजिनाची गती बदलते, शाफ्टची बदलत नाही. एवढं साधं काम आधीच्या कुठल्याच गॅरेजात कुणी केलेलं दिसत नाही. नवा सुटा भाग विकता येतो, हायवेवरचा फेरा विकता येत नाही, हेही त्यामागं असेल.

गॅरेजला परत आल्यावर गाडी खड्ड्यावर घेतात. खड्ड्यात उतरायच्या आधी मिस्त्री गॅरेजातल्या पोराला हाक मारून चारही चाकांना दगड लावायला सांगतात. दाजी म्हणतात, हँडब्रेक ओढलाय की. मिस्त्री हसतात.

"मालक, हिचा हँडब्रेक चाकांत न्हाई."

खाली वाकून बघितल्यावर मलाही दिसतं. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर एक छोटा ड्रम आहे, हँडब्रेकची केबल तिथं जाते. तो धरतो शाफ्टला, आणि शाफ्ट धरतो मागच्या चाकांना. शाफ्ट काढला की हँडब्रेक कितीही ओढा, मागची चाकं मोकळी. उतारावर शाफ्ट सोडलेली जीप खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गेल्याची गोष्ट मिस्त्री सांगतात, आणि माणूस वाचला एवढं शेवटी जोडतात.

आता शाफ्ट दोन आहेत. एक ट्रान्सफरपासून मागं, एक पुढं. नव्या फोर बाय फोरमध्ये पुढची चाकं मोकळी करता येणारे हब असतात, मग टू-व्हीलवर पुढचा शाफ्ट स्वस्थ उभा राहतो. या गाडीला तसले हब नाहीत. पुढचा शाफ्ट ओढत नसला तरी पुढच्या चाकांनी गरागरा फिरवलेला असतोच. त्यामुळं संशय दोघांवर.

मिस्त्री मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना पंचनं बारीक खूण करतात, ड्रमच्या फ्लँजवर एक, पिनियनच्या योकवर एक, म्हणजे परत बसवताना तो होता तसाच बसेल. बोल्ट सुटतात. क्रॉसचे सुटे झालेले कप गळून आतल्या सुया सांडू नयेत म्हणून पोरगं त्यावरून काळी टेप गुंडाळतं. शाफ्ट बाहेर. मग मिस्त्री वर येऊन पुढच्या ॲक्सलची दांडी ओढतात आणि म्हणतात, "चला."

"मागचा शाफ्ट न बसवता?"

"पुढची वडतील की."

जीप पुढच्या दोन चाकांवर हायवेला निघते. मला मागं बसून अस्वस्थ वाटतं, उगाच. पन्नास. पंचावन्न. साठ. फरशीतल्या दांड्या गप्प आहेत. आरशात ट्रकचा नंबर वाचता येतो. पासष्टला मिस्त्री भाच्याकडं वळून बघतात, भाचा मोबाइल दाखवतो. अक्षरं स्थिर.

या एका फेऱ्यानं पुढचा शाफ्ट सुटला, पुढचं हाउसिंग सुटलं, आणि मागची चाकंही सुटली, कारण ती फिरतच होती. मागचं पिनियनसुद्धा चाकांबरोबर फिरत होतं, भार नसला तरी. म्हणजे त्याच्या बेअरिंगवरचाही संशय पातळ झाला. उरला तो बाकावर आडवा पडलेला, चंदेरी रंग मारलेला पाइप.

त्याची तपासणी उन्हात, बाहेरच्या बाकावर होते. आधी पाइप. दोन लाकडी ठोकळ्यांच्या खाचांत ठेवून पोरगं तो हळूहळू फिरवतं आणि मिस्त्री एका जागी खडू धरून बसतात. पाइप वाकलेला असेल तर खडू एकाच बाजूला लागतो. इथं रेघ सगळीकडून गोल उमटते. पाइप सरळ. मग क्रॉस. दोन्ही बाजूंचे योक दोन हातांत धरून उलटसुलट पिळून बघतात. नवेच आहेत, कुठं प्ले नाही, टिचकी नाही. जुना कोरडा क्रॉस असता तर कपाच्या काठाला गंजाची तांबूस भुकटी दिसली असती, आणि गाडी सावकाश चालताना चिवचिव ऐकू आली असती. यातलं काही नाही. आधीच्या गॅरेजनं क्रॉस चांगले टाकलेत, नीट ठोकलेत, ग्रीसही भरलंय.

मग मिस्त्री शाफ्ट उचलून आत सरफेस प्लेटवर नेतात. जाड बिडाची, वर्षानुवर्षं घासून सपाट झालेली प्लेट. एका टोकाच्या योकचे दोन्ही कान प्लेटला टेकवतात. बसतात. दुसऱ्या टोकाकडं बघायला मला बोलावतात.

दुसऱ्या टोकाचा एक कान टेकलाय. दुसऱ्या कानाखालून माझी करंगळी जाते.

"दिसलं?"

दिसलं. एक टोक दुसऱ्याच्या मानानं पिळलेलं आहे. पाइप सरळ असून दोन टोकं एका पातळीत नाहीत. मध्ये जो सरकता जॉइंट असतो, गाडी खड्ड्यात गेली की शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा, त्याच्या दातांवरचा चंदेरी रंग मिस्त्री स्क्रूड्रायव्हरनं खरवडतात. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसतात. रंगाखालून एक बाण उगवतो, लोखंडात ठोकलेला. समोरच्या अर्ध्या भागावर दुसरा बाण. दोघांनी समोरासमोर यायला पाहिजे. ते एका दातानं चुकलेत. क्रॉस बदलताना शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले, साफ केले, परत घातले, आणि वरून रंग मारला. गाडी हातात देताना ती नव्यासारखी दिसली असणार.

"एका दातानं एवढं हुतंय?" भाचा विचारतो. तो इंजिनिअरिंगला आहे. मिस्त्री त्याच्याकडं बघून विचार करतात आणि मग उत्तर मला देतात.

"पावणं, दोघी जात्यावर बसल्यात. एकीनं वडलं की दुसरीनं सोडायचं, मग जातं गुळगुळीत फिरतंय. दुसरीचं टायमिंग चुकलं की? हिसके."

क्रॉसचा स्वभाव असा आहे की वाकून फिरताना तो पुढं समान गती देत नाही. इकडून शाफ्ट एका लयीत फिरवा, तिकडं तो एका फेऱ्यात दोनदा थोडा जलद आणि दोनदा थोडा मंद फिरतो. दहा अंशांच्या वाकणात हा फरक दोन्हीकडं दीड-दीड टक्का होतो, आणि वाकण वाढलं की तो झपाट्यानं वाढतो. यावर इलाज दुसऱ्या क्रॉसचाच. पहिला जिथं जलद करतो तिथं दुसऱ्यानं मंद करायचं. पण त्यासाठी दोन अटी आहेत, दोन्ही टोकांचे योक एका पातळीत हवेत आणि दोन्हीकडचं वाकण सारखं हवं. हे जुनं ज्ञान आहे. इटलीच्या कार्दानोचं नाव या जॉइंटला लागलं, पण त्याच्या या जलद-मंद चालीकडं नीट बघितलं ते इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं. १६७६ च्या एका पुस्तिकेत तो या जॉइंटचा संबंध सावलीच्या घड्याळाशी जोडतो. तबकडीवर तासांच्या रेघा सारख्या अंतरावर पडत नाहीत, त्याचं गणित आणि या क्रॉसचं गणित एकच निघतं. मोटारगाडीत तो रुजवला अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरनं, १९०३ मध्ये पेटंट घेऊन, आणि सुट्या भागांच्या दुकानांत ते नाव अजून चालतं. मला ही गोष्ट फार आवडते. मिस्त्रींना सांगितल्यावर ते "असंल" म्हणतात.

बाण समोरासमोर येतात. शाफ्ट परत चढतो, पंचच्या खुणा जुळवून. पुन्हा हायवे.

पंचावन्न स्वच्छ जातं. साठ स्वच्छ. दाजी मांडीवर थाप मारतात. "झालं की हो!" मिस्त्री बोलत नाहीत. ते पुढं कागलच्या बाजूला एक चढ येईपर्यंत थांबतात, आणि चढावर ॲक्सिलरेटर खाली दाबतात. बुडाखालून पुन्हा एक गुणगुण येते. पहिल्याहून कमी, पण तिचीच बहीण. पाय काढतात, ती मिटते. पुन्हा दाबतात, येते.

"ह्ये जुनं," मिस्त्री म्हणतात. "पाट्यांच्या टायमाचं. मघाचं क्रॉसच्या टायमाचं. मालकांनी सांगितलं की, क्रॉस टाकल्यावर वाढलं."

भाच्याला आता रस आला आहे. मोबाइल खिशात गेलाय. "शाफ्ट बॅलन्सिंगला देऊया का? व्हिडिओत दाखवतात, होज क्लिप बांधून करतात घरी."

"करत्यात. म्या बी करतो." आणि मग कसं ते सांगतात. शाफ्टच्या टोकाजवळ खडूनं चार खुणा करायच्या. एक क्लिप बांधायची, तिचं डोकं एका खुणेवर, गाडी फिरवून आणायची. मग दुसऱ्या खुणेवर. जिथं थरथर कमी होईल तिथं दुसरी क्लिप बांधून दोन्ही डोकी थोडी थोडी लांब सारून बघायची. "पण बाळा, वजनाला तुझा पाय कळत न्हाई. वजन कमी-जास्त असलं तर साठला थरथरनारच, दाबलं तरी, सोडलं तरी. हितं पायावर चाललंय. पायावर चाललं म्हंजे काय हालतंय?"

भाचा विचार करतो. "ॲक्सल?"

"पिनियनचं तोंड. दाबलं की वर उचलतंय, सोडलं की खाली येतंय. दाबल्यावर वाढतंय म्हंजे तोंड आधीच वर हाय."

खड्ड्यावर आल्यावर गाडी जॅकवर घेत नाहीत. वजन चाकांवरच राहिलं पाहिजे, नाहीतर पाटे लोंबतात आणि कोन खोटा येतो. मिस्त्री पेटीतून जे काढतात ते बघून मला हसू येतं. शाळेच्या कंपासपेटीतला चांदा आहे. मध्याच्या भोकातून दोरा ओवलेला, दोऱ्याला नट बांधलेला. चांद्याची सरळ कड हँडब्रेकच्या ड्रमच्या तोंडावर उभी टेकवतात, दोरा थांबेपर्यंत श्वास धरतात, आणि आकडा सांगतात. तीन. पिनियनच्या योकच्या घासलेल्या तोंडावर टेकवतात. सहाच्या थोडं पुढं. भाचा मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप काढून तिथंच धरतो. सहा पूर्णांक चार.

"चांदा बराय की," तो म्हणतो.

ट्रान्सफरचं तोंड मागं तीन अंश खाली झुकलेलं, पिनियनचं पुढं सहा अंश वर बघणारं. दोन्ही रेषा समांतर असत्या तर दोन्ही क्रॉसना सारखं वाकण आलं असतं. इथं तीन अंशांचा फरक आहे, आणि चढाला त्यात भर पडते. दुसरी अट मोडलेली होती ती अशी. मिस्त्री टॉर्च घेऊन पाट्यांच्या मागच्या टोकाला जातात आणि तिथंच थांबतात.

"ही शॅकल कुनी घातली?"

दाजी खाली वाकतात. शॅकल नवीकोरी आहे, काळी, आणि नेहमीच्यापेक्षा बोटभर लांब. भाच्याकडं बघायची कुणालाच गरज पडत नाही.

"पाटे करताना," तो म्हणतो. "दोन इंच लिफ्ट मिळते, पप्पा. ओढ्यातून जाताना खाली घासत होतं."

दाजींचं पुढचं बोलणं मी इथं देत नाही. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असते. ती लांब केली की चासीचा मागचा भाग वर उचलतो हे खरं, पण पाटा मागं कलतो, त्यावर बसलेलं हाउसिंग त्याच्याबरोबर कलतं, आणि पिनियनचं तोंड वर होतं. भाच्याला उंची मिळाली. शाफ्टला तीन अंश मिळाले.

यावर इलाज दोन. एक म्हणजे पाटा आणि हाउसिंगची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर घालायची. या जीपला पाटा हाउसिंगच्या खालून जातो, म्हणून पाचरेची जाड बाजू मागं, म्हणजे हाउसिंगची मागची बाजू उचलेल आणि तोंड खाली येईल. लेथवाला तासाभरात करून देतो. भाचा लगेच तयार. मिस्त्री तयार नाहीत.

"पाचर म्या घालून देईन. पर कशाला? लांब शॅकलनं जॉइंट वाकला, तो सरळ करायला पाचर, पाचरंला लांब यू-बोल्ट. उंची तुला पायजे, गाडीनं मागितली न्हाई."

मला हे पटतं, पण भाच्याची बाजूही अगदी खोटी नाही. ओढ्यात खाली घासतं हे मी स्वतः बघितलंय. मिस्त्रींचं यावर उत्तर असं की वाढवलेल्या पानानंच बरीच उंची आलीय, तेवढी बास. जुनी शॅकल कुठंय विचारल्यावर भाचा जरा वेळानं ड्रायव्हर सीटखालचा पेटारा उघडतो आणि फडक्यात गुंडाळलेली जोडी बाहेर काढतो. तेल लावून ठेवलीय. टाकून दिली नाही याबद्दल मिस्त्री त्याला पहिल्यांदा बरं बोलतात.

शॅकल बदलायला फार वेळ लागत नाही. गाडी घोड्यांवर घ्यायची, पाट्यावरचा भार काढायचा, बोल्ट ठोकून बाहेर. एक बोल्ट हट्ट करतो, त्याला गरम करावं लागतं. मग पुन्हा चाकांवर उभी करून मागचा भाग दोन-चारदा दाबून पाटे बसू देतात आणि चांदा लावतात. साडेतीन. मिस्त्रींना अर्धा अंश चालतो. भाच्याला चालत नाही, तो ॲपमध्ये पुन्हा बघतो, आणि मग त्यालाही चालतं.

त्याच चढावर मिस्त्री ॲक्सिलरेटर पुन्हा खाली दाबतात. पासष्ट. सत्तर. ही गाडी सत्तरला जाते हे दाजींनाच नवीन आहे. फरशीतल्या दांड्या गप्प. बाकाच्या पत्र्यातून येतोय तो डिझेल इंजिनाचा धडधडाट, खिडक्यांचं कॅनव्हास फडफडतंय, मागच्या फाळक्याचा साखळदंड वाजतोय. दाजी कान देऊन विचारतात, "ह्यो आवाज?"

"तो हाय तो हायच. त्यो काढायला दुसरी गाडी घ्या."

कच्च्या बिलावर मिस्त्री लिहितात: ग्रीस, डिझेल, मजुरी. दाजी कागद उलटून बघतात, मागं काही लिहिलंय का. काही नाही. मजुरीचा आकडा त्यांना जरा जास्त वाटतो, कारण नवा भाग एकही पडला नाही, आणि ते तसं म्हणूनही दाखवतात. मिस्त्री शंभर कमी करतात. मला विचाराल तर करायला नको होते.

"दोनशे किलोमीटर झाले की शॅकलचे आन् शाफ्टचे बोल्ट आवळायला या," ते सांगतात. "त्याचं काय घेत न्हाई. आन् ती लांब जोडी हितंच ठेवून जा म्हनावं त्याला."

"हितंच का?" भाचा विचारतो.

"घरी न्हेलीस तर दिवाळीपातूर परत घालशील."

भाचा म्हणतो घालणार नाही. दाजी म्हणतात ठेव तिथं. जोडी बाकाखालच्या खोक्यात जाते, आणि पोरगं त्यावर खडूनं गाडीचा नंबर लिहितं.